बोटीवरची वीज: दिवे मंद, रेडिओ बोलताना बंद. दोष शोधायचा कुठून?

जलपांथ
नमस्कार मंडळी. गेल्या हंगामात ९ मीटरची, एका डोलकाठीची जुनी बोट घेतली. शिडं, दोर, नांगर यांत हात बसला आहे, पण विजेचं ज्ञान घरातला फ्यूज बदलण्यापुरतंच.

बोटीवर डिझेल इंजिन, त्यावर आल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारं यंत्र), १२ व्होल्टच्या दोन लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या आणि "१ / २ / दोन्ही / बंद" असा गोल स्विच आहे. पुढे पॅनेल, त्यात आठ स्विच.

तक्रार अशी: रात्री नाळेवरचे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरचे लाल-हिरवे दिवे पिवळट, मंद दिसतात. व्हीएचएफ रेडिओवर ऐकू अगदी स्वच्छ येतं, पण बोलायचं बटण दाबलं की पडदा विझतो आणि रेडिओ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. इंजिन मात्र एका झटक्यात सुरू होतं. बॅटऱ्या थकल्या असतील म्हणून दोन्ही नव्या घातल्या, फरक काहीच नाही. आता रेडिओ बदलू का? रात्री किनाऱ्याजवळ येताना रेडिओ असा दगा देतो, तेव्हा पोटात गोळा येतो.

तांबडी_तार
रेडिओ बदलू नका. तुमच्या तक्रारीतच उत्तर आहे.

ऐकताना रेडिओ साधारण अर्धा अँपिअर घेतो. २५ वॅटवर बोलताना तोच पाच-सहा अँपिअर मागतो. वाटेत कुठे तरी अर्ध्या ओहमचा अडथळा आहे असं धरा. ऐकताना तो पाव व्होल्ट खाईल, कुणाला कळणारही नाही. बोलताना अडीच ते तीन व्होल्ट खाईल आणि बॅटरीवर १२.६ असले तरी रेडिओपाशी दहाच्या आसपास उरतील. इंजिन सुरू होतं कारण स्टार्टरला बॅटरीपासून स्वतःची जाड केबल आहे, ती या वाटेने जातच नाही. म्हणजे बॅटरी चांगली, रेडिओही बहुधा चांगला, मधली वाट खराब.

हाच दोष बोटीवर सर्वात जास्त भेटतो. माझ्या कामात दहा तक्रारींमागे बहुतेक वेळा वस्तू नाही, सांधा बिघडलेला सापडतो. खारी हवा, सततची थरथर आणि सतत ओल, या तिन्हींचा मारा सांध्यावरच होतो.

सागरवेडा
मल्टिमीटरने तारेची सलगता तपासली तर? बीप वाजला की तार ठीक.

तांबडी_तार
नाही, इथेच लोक फसतात. शंभर धाग्यांच्या तारेतला एक धागा शिल्लक असला तरी बीप वाजतो, कारण मीटर तारेतून काही मिलिअँपिअरच सोडतो. अडथळा उघडा पडतो तो भार चालू असताना.

जलपांथ, असं करा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक लांब, बारीक तार घेऊन तिचं एक टोक बॅटरीच्या प्लसच्या खुंटीला लावा, दुसरं मीटरच्या एका टोकाला. मीटरचं दुसरं टोक रेडिओच्या मागे, प्लसच्या जोडणीवर. आता एकाने बोलायचं बटण दाबायचं, दुसऱ्याने मीटर वाचायचा. जो आकडा दिसेल तेवढे व्होल्ट प्लसच्या वाटेत गळतात. मग हेच मायनसच्या बाजूला करा: बॅटरीची मायनस खुंटी ते रेडिओचा मायनस. बटण दाबलेलं नसताना आकडा शून्याजवळ दिसेल, त्यावर भरवसा ठेवू नका.

दोन गोष्टी सांभाळा. अँटेना जोडलेली नसताना बटण दाबू नका, रेडिओचा शेवटचा टप्पा जळू शकतो. आणि चाचणी १६ नंबरच्या वाहिनीवर करू नका, ती संकटातल्यांसाठी आणि पहिल्या हाकेसाठी आहे.

भरती_ओहोटी
सुंदर समजावलंत. मला हे कुणी पहिल्या वर्षी सांगितलं असतं तर तीन पंप विकत घ्यावे लागले नसते.

दिव्यांबद्दल एक जोड देते. तंतूच्या दिव्याला १० टक्के व्होल्ट कमी मिळाले की प्रकाश १० टक्क्यांनी नाही, जवळपास ३० टक्क्यांनी घटतो. समुद्रातील टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार १२ मीटरपेक्षा लहान बोटीचे बाजूचे दिवे किमान एक सागरी मैलावरून दिसायला हवेत. तुमचा मंद दिवा तेवढ्यावरून दिसतो का, हे समोरच्या जहाजालाच ठाऊक. त्यामुळे दिव्यांकडे दुय्यम तक्रार म्हणून बघू नका.

जलपांथ
मोजलं! बायकोने बटण दाबलं, मी मीटर धरला.

बॅटरीवर १२.५, रेडिओपाशी ९.९. प्लसच्या वाटेत ०.४, मायनसच्या वाटेत २.२!

मी इतके दिवस प्लसच्याच तारा न्याहाळत होतो. मायनसकडे कधी पाहिलंच नाही.

तांबडी_तार
शाबास. गेलेला प्रवाह परतही यावा लागतो, आणि त्याची अर्धी वाट मायनसची असते. आता मायनसची वाट तुकड्यातुकड्याने मोजा: खुंटी ते पहिली पट्टी (अनेक तारा एकत्र जोडायची धातूची पट्टी), पट्टी ते पॅनेल, पॅनेल ते रेडिओ. ज्या तुकड्यात आकडा उडी मारेल तिथे सांधा उघडा.

दर्यादीप
तोवर जाडीचा हिशोब करून ठेवा, कारण तुमच्या दिव्यांत दुसराही दोष असेल असं मला वाटतं. तांब्याच्या तारेचा रोध काढायला ०.०१७५ गुणिले लांबी मीटरमध्ये, भागिले जाडी चौरस मिलिमीटरमध्ये. लांबी नेहमी जाऊन-येऊन धरायची, नवखे लोक एकेरी धरतात आणि उत्तर अर्ध्याने चुकतं.

पॅनेलपासून नाळ ७ मीटर असेल तर १४ मीटर धरा. २५ वॅटचा दिवा साधारण २.१ अँपिअर घेतो. १ चौरस मिमीच्या तारेत अर्धा व्होल्ट जातो, म्हणजे चार टक्क्यांहून जास्त. १.५ च्या तारेत तीन टक्क्यांच्या जेमतेम आत. २.५ मध्ये पावणेदोन टक्के. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या मानकात मार्गदीप, मुख्य पॅनेलची तार अशा महत्त्वाच्या ठिकाणी घट ३ टक्क्यांच्या आत हवी, बाकी किरकोळ भारांना १० टक्के चालते. मी स्वतः दिव्यांना २.५ घातली आहे.

जलपांथ
सापडलं!!

बॅटरी ते पॅनेलची मायनस पट्टी, एवढ्याच तुकड्यात २.२ पैकी २.० व्होल्ट. तार ओढत गेलो तर फळ्यांखाली, बिल्जच्या, म्हणजे तळाशी पाणी साचतं त्या खोलगट भागाच्या, अगदी काठाला आधीच्या मालकाने केलेला सांधा निघाला. दोन तारा पिळून वर चिकटपट्टी. पट्टी सोलली तर आत हिरवा कळंक, आणि पिळा हातात आला. तार मागे सोलत गेलो तर जवळजवळ वीतभर तांबं काळं पडलेलं. प्लास्टिकच्या आतून, जिथे पाणी लागलेलंच नव्हतं तिथेही!

भरती_ओहोटी
पाणी लागलं होतं. दिव्याची वात तेल चढवते तसे बारीक धागे खारं पाणी आत ओढतात. म्हणून काळी तार पुन्हा वापरायची नाही, चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापत जायची आणि पुरी पडली नाही तर नवी टाकायची. नवी घेताना कथलाचा मुलामा दिलेली, अनेक बारीक धाग्यांची मरीन तार घ्या. घरातली एकसंध जाड तार बोटीवर कधीच नको, थरथरीने ती आतल्या आत तुटते.

दर्यादीप
२.० व्होल्ट गुणिले ५ अँपिअर म्हणजे १० वॅट उष्णता, एका पिळ्यात, चिकटपट्टीखाली, लाकडाला टेकून. रेडिओ सेकंदभर बोलतो म्हणून निभावलं. तिथून नांगराच्या यंत्राचा प्रवाह जात असता तर गोष्ट वेगळी झाली असती.

सागरवेडा
सांधा नीट सोल्डर करून वर नळी चढवा, आयुष्यभर बघायला नको. मी रेडिओ दुरुस्तीत तीस वर्षं सोल्डरच केलं आहे.

तांबडी_तार
सागरवेडा, तुमच्या हाताबद्दल आदर आहे, पण टेबलावरचं सर्किट आणि डुलणारी बोट यांत फरक आहे. सोल्डर धाग्यांमधून वर चढतं आणि जिथे थांबतं तिथे तार ताठ होते. थरथरीत नेमकी त्या रेषेवर तुटते. दुसरं म्हणजे सांधा तापला की सोल्डर मऊ होतं आणि तार निसटते. म्हणून मानकं सांगतात की तार धरून ठेवण्याचं काम एकट्या सोल्डरवर सोपवू नये. चांगल्या खटकेदार पान्याने क्रिम्प केलेला, म्हणजे तारेवर दाबून बसवलेला लग (टोकाची धातूची कडी), त्यावर आतून गोंद असलेली, उष्णतेने आवळणारी नळी. क्रिम्प झाल्यावर जोर लावून ओढून बघायचं. सुटला तर धक्क्यावरच सुटू दे.

सांधा बिल्जच्या वर घ्या. जमलं तर सांधाच नको, अखंड तार.

ओली_वाळू
वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न: फ्यूज कुठे असायला हवा? माझ्या छोट्या बोटीत पॅनेलवर फ्यूज आहेत, बॅटरीपाशी एकही नाही.

तांबडी_तार
बाळबोध अजिबात नाही, माझ्या मते या धाग्यातला सर्वात महत्त्वाचा प्रश्न हाच.

फ्यूज उपकरणासाठी नसतो, तारेसाठी असतो. बॅटरी ते पॅनेल या तुकड्याला तुमच्याकडे कुणी राखणदार नाही. ती तार कुठे घासून इंजिनच्या लोखंडाला टेकली तर पॅनेलवरचे फ्यूज बघत बसतील, कारण प्रवाह त्यांच्यापर्यंत पोचणारच नाही. चांगली लेड-अ‍ॅसिड बॅटरी शॉर्टमध्ये हजारांत अँपिअर ओतते. तार काही सेकंदांत लाल होते, आणि समुद्रात आग लागली तर पळायला जागा नाही.

म्हणून मुख्य फ्यूज बॅटरीच्या प्लसजवळ, सात इंच म्हणजे साधारण १८ सेंटिमीटरच्या आत. तार संरक्षक नळीतून नेली असेल तर काही सूट मिळते, पण जवळ तेवढा बरा. स्टार्टरच्या केबलला मानक फ्यूजची सक्ती करत नाही. फ्यूजचा आकडा त्या वाटेतल्या सर्वात बारीक तारेवरून ठरतो. वारंवार उडतो म्हणून मोठा घालणं ही आगीची तयारी.

जलपांथ
माझ्याकडेही बॅटरीपाशी फ्यूज नाही. आज रात्री झोप येणार नाही. सध्या बॅटरीची तार काढून ठेवली आहे.

आणखी एक. बोट सोडताना मी तो गोल स्विच "बंद" करतो. मग बिल्ज पंपही बंद होतो का?

भरती_ओहोटी
बहुधा हो, आणि पंपाची खरी गरज तुम्ही नसतानाच असते. पंपाच्या तरंगत्या स्विचची तार मुख्य स्विचच्या आधी, बॅटरीच्या बाजूने, स्वतःच्या फ्यूजसह घ्या. पंपाचे सांधे बिल्जमध्ये सोडू नका, वर उंच बांधा. माझे तीन पंप बिघडले असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात पंप चांगले होते, सांधे बुडत होते.

पंपाच्या खोक्यावरचा ताशी लिटरचा आकडाही उंचीशिवायचा असतो. नळी मीटरभर वर चढली, व्होल्ट थोडे घटले, की पाणी बरंच कमी निघतं. आकड्यावर विसंबून लहान पंप घेऊ नका.

दर्यादीप
त्या गोल स्विचबद्दल: इंजिन चालू असताना चुकूनही "बंद"वरून फिरवू नका. आल्टरनेटर भरात असताना त्याच्यापुढून बॅटरी अचानक गेली की व्होल्ट उसळतात आणि आतले डायोड फुटतात. १ वरून २ वर जायचं तर "दोन्ही"वरून जायचं. माझ्या मते हा स्विच माणसाच्या आठवणीवर फार भार टाकतो. एक बॅटरी फक्त स्टार्टरसाठी, दुसरी दिवे-रेडिओसाठी, आणि मधे व्होल्ट पाहून आपोआप जोडणारा-तोडणारा रिले, ही मांडणी बरी. इंजिन चार्ज करत असलं की दोन्ही जोडल्या जातात, थांबलं की सुटतात. रात्रभर दिवे जळले तरी सकाळी इंजिन सुरू होतं.

शिडाची_सावली
या सगळ्यापेक्षा लिथियम घाला, प्रश्न मिटला. निम्मं वजन, ८० टक्के वापरता येते.

दर्यादीप
लिथियम मीही वापरतो आणि समाधानी आहे, पण जुन्या तारांवर लिथियम घालणं मला धोक्याचं वाटतं. लेड-अ‍ॅसिड निम्म्याच्या खाली वारंवार उतरवली तर लवकर मरते, हे खरं. पण ती भरत आली की स्वतःच प्रवाह कमी घेते. लिथियम-लोह-फॉस्फेट शेवटपर्यंत आल्टरनेटरकडून ओरबाडते, तो तापून जळू शकतो. शिवाय तिच्या आतल्या राखणदार सर्किटने अचानक तोडलं की वर सांगितलं तेच, डायोड. म्हणून आल्टरनेटर आणि लिथियम यांच्यामध्ये डीसी-डीसी चार्जर हवा. शून्य अंशाखाली तिला चार्ज करायचं नाही. आणि फ्यूज असा हवा जो तिचा शॉर्टचा प्रचंड प्रवाह तोडू शकेल, साधा पट्टीचा फ्यूज वितळूनही आत ठिणगी चालू ठेवू शकतो.

जलपांथ, लेड-अ‍ॅसिडचं एक बरं, व्होल्ट बघून अंदाज येतो. काही तास भार आणि चार्ज दोन्ही बंद ठेवून मोजा: १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. लिथियमचे व्होल्ट शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतात, तिथे शंटवर (प्रवाह मोजण्यासाठी वाटेत घातलेल्या ठरावीक रोधावर) अँपिअर-तास मोजणारा मीटर लागतोच. आणि लेड-अ‍ॅसिडच्या जागेला हवा खेळती ठेवा, चार्ज होताना हायड्रोजन सुटतो आणि हवेत ४ टक्के झाला की पेट घेऊ शकतो.

शिडाची_सावली
मान्य. आल्टरनेटरचा मुद्दा मी सांगायला हवा होता. माझ्याकडे डीसी-डीसी चार्जर आहे.

ओली_वाळू
धक्क्याला लागल्यावर किनाऱ्याची वीज घेतो, त्याबद्दलही कुणी लिहा ना.

तांबडी_तार
लिहितो, पण आधीच सांगतो: १२ व्होल्टचं काम शिकत शिकत स्वतः करा, २३० व्होल्टचं जाणकाराकडून करून घ्या. १२ व्होल्ट बोट जाळू शकतात, २३० व्होल्ट माणूस मारतात.

पहिलं, रंग. युरोपात डीसीचा मायनस काळा असतो. अमेरिकन बोटीत एसीचा जिवंत फेज काळा असतो, म्हणूनच तिथे डीसी मायनसला पिवळा रंग सुचवला आहे. जुन्या, हात बदललेल्या बोटीत दोन्ही पद्धती एकाच फळीमागे भेटू शकतात. काळी तार दिसली की "मायनस असेल" असं गृहीत धरून हात घालू नका. किनाऱ्याच्या विजेची केबल आधी उपटा, इन्व्हर्टर बंद करा, मग मोजा.

दुसरं, न्यूट्रल आणि अर्थ यांची जोड उगमापाशीच असते. किनाऱ्याच्या विजेवर असताना ती बोटीत असता कामा नये. बोटीतच जनरेटर किंवा इन्व्हर्टर चालला तर उगम बोटीत, मग जोड तिथे. ही अदलाबदल चुकली की परतीचा प्रवाह अर्थमधून, आणि तिथून पाण्यातून वाट शोधतो.

पाण्यात गळलेली एसी वीज गोड्या पाण्यात जास्त घातक असते, कारण माणसाचं शरीर गोड्या पाण्यापेक्षा चांगलं वाहक आहे. पोहणाऱ्याचे स्नायू आखडतात आणि तो बुडतो. वरून पाहणाऱ्याला विजेचा संशयही येत नाही. म्हणून ३० मिलिअँपिअरला तोडणारा गळतीरोधक स्विच हवा, त्याचं चाचणीचं बटण दर महिन्याला दाबायचं, आणि वीज असलेल्या धक्क्याजवळ मुलांना पोहू द्यायचं नाही. कधीच नाही.

भरती_ओहोटी
धक्क्याच्या अर्थचा दुसरा परिणाम पाण्याखाली दिसतो. अर्थच्या तारेने तुमची बोट शेजारच्या सगळ्या बोटींना जोडली जाते. पाणी एकच, धातू वेगवेगळे, वर तारेची जोड, म्हणजे झाली बॅटरी. शेजाऱ्याचा पितळी पंखा तुमच्या झिंकच्या अ‍ॅनोडवर (बाकी धातूंऐवजी स्वतः झिजायला बुडाला लावलेल्या तुकड्यावर) जगतो आणि तुमचा अ‍ॅनोड वर्षाऐवजी काही महिन्यांत संपतो. उपाय म्हणजे गॅल्व्हॅनिक आयसोलेटर. तो अर्थमधले साधारण सव्वा व्होल्टपर्यंतचे डीसी अडवतो, पण दोषाचा एसी प्रवाह जाऊ देतो. अर्थची तार कापून टाकणं हा उपाय नव्हे, ती जीव वाचवते.

अ‍ॅनोड खाऱ्या पाण्यात झिंक, गोड्यात मॅग्नेशियम. निम्मा झिजला की बदला.

ही युक्ती जुनी आहे. १८२४ मध्ये हंफ्री डेव्हीने ब्रिटिश नौदलाच्या जहाजांच्या तांब्याच्या पत्र्याला लोखंड आणि झिंकचे तुकडे जोडले. तांबं झिजायचं थांबलं, पण मग त्यावर शेवाळ आणि शिंपले भरले, कारण विरघळणारं तांबंच त्यांना दूर ठेवत होतं! मला ही गोष्ट फार आवडते, बुडाला अ‍ॅनोड लावताना दर वर्षी आठवते.

जलपांथ
धागा वर काढतो आहे. तीन आठवडे लागले.

मायनसची तार अखंड नवी, १६ चौरस मिमी. दिव्यांना २.५. बॅटरीपासून एक वीत अंतरात मुख्य फ्यूज. जुन्या, कुठेच न जाणाऱ्या अकरा तारा निघाल्या. प्रत्येक तारेला दोन्ही टोकांना नाव बांधलं आणि एका वहीत नकाशा काढला.

आता बॅटरीवर १२.६ असताना रेडिओपाशी बोलताना १२.२. दिवे पांढरे दिसतात.

एक शंका: सगळे स्विच बंद असतानाही ४० मिलिअँपिअर जात आहेत. दिवसाला जवळपास एक अँपिअर-तास. महिनाभर बोट उभी राहिली तर तीस. हे कुठे जात असतील?

तांबडी_तार
मीटर तसाच ठेवून एकेक फ्यूज काढा. ज्याला आकडा पडेल तो चोर. गाण्याच्या रेडिओची स्मरणाची तार मुख्य स्विचच्या आधी जोडलेली असते, आधी ती बघा.

जलपांथ
तीच होती, एकटी ३१ मिलिअँपिअर. मुख्य स्विचनंतर घेतली. उरलेले ९ गॅस ओळखणाऱ्या यंत्राचे, ते राहू दिले.

आणि भरती_ओहोटी ताई, पंप तुम्ही सांगितला तसा जोडला. काल निघताना मुख्य स्विच बंद केला, फळी उचलून बिल्जमध्ये दोन बादल्या पाणी ओतलं आणि धक्क्यावर जाऊन उभा राहिलो. थोड्या वेळाने बाजूच्या भोकातून धार सुरू झाली.